विज्ञानकथेच्या खेळासाठी जग कसे उभारावे: सीमाभागातील सूत्रधारांसाठी मार्गदर्शन

टेबलाभोवती बसून, प्रत्येकाने एका पात्राची भूमिका घेऊन, फासे टाकत आणि बोलत खेळल्या जाणाऱ्या रोलप्लेइंग खेळांत सूत्रधाराचा, म्हणजे ज्याला आपण सगळे जीएम (गेम मास्टर) म्हणतो त्याचा, सर्वाधिक वेळ जातो तो जग तयार करण्यात. राजे, किल्ले आणि राक्षस असलेल्या जगाला निदान पुराणांचा आणि दंतकथांचा आधार मिळतो. विज्ञानकथेत मात्र हवा, वजन आणि दिवसाची लांबी इथपासून सगळे स्वतः ठरवावे लागते, आणि टेबलावर एखादा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी असला, जो बेळगाव परिसरात हमखास असतोच, तर ठरवलेले तिथल्या तिथे तपासूनही घेतले जाते. म्हणून पुढे जी साधने सांगितली आहेत त्या सर्वांना एकच कसोटी लावली आहे. जो आकडा आपण वहीत लिहितो तो खेळाडूच्या पात्राच्या वाटेत कुठेतरी आडवा आला पाहिजे. दहा हजार वर्षांच्या साम्राज्याचा इतिहास लिहायला मजा येते, पण तो वहीतच राहतो. त्या साम्राज्याच्या बंदरावर उतरल्यावर सामान कोण तपासतो आणि कोणत्या भाषेत दरडावतो, हे मात्र पहिल्याच सेशनला, म्हणजे खेळाच्या पहिल्याच बैठकीला, लागते.

सीमाभागात राहणाऱ्या सूत्रधाराला या बाबतीत एक आयती सोय आहे. कागदावर ओढलेली रेघ रेशनकार्डात, शाळेच्या माध्यमात आणि बसच्या पाटीत कशी उतरते, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही.

नकाशा आणि आठ खुणांचा संकेत

सुरुवात षट्कोनी घरांच्या कागदाने करावी. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या मार्क मिलर यांच्या ‘ट्रॅव्हलर’ या खेळाने ही पद्धत रूढ केली आणि आजही तिच्याइतकी सुटसुटीत पद्धत दुसरी नाही. आठ उभ्या रांगा आणि प्रत्येक रांगेत दहा घरे असा हा नकाशा असतो. एक घर म्हणजे एक पार्सेक, म्हणजे सुमारे ३.२६ प्रकाशवर्षे. प्रत्येक घरासाठी साधा सहा बाजूंचा फासा टाकायचा. ४, ५ किंवा ६ पडले तर तिथे जग आहे, नाहीतर पोकळी. असे केल्यास ऐंशी घरांत साधारण चाळीस जगे निघतात. ती सगळी रंगवत बसू नये. ज्या जगात खेळ सुरू होणार ते एक आणि त्याच्या शेजारची तीन-चार एवढी पहिले काही महिने पुरतात. बाकीच्यांना नावे देऊन ठेवावीत. षट्कोनी कागद इंटरनेटवरून काढून कोणत्याही झेरॉक्सच्या दुकानात छापून मिळतो, आणि सहा बाजूंचे फासे सापशिडीच्या डब्यात असतातच.

याच खेळाने प्रत्येक जगाचे वर्णन आठ खुणांत बसवले आहे: अंतराळबंदराचा दर्जा, ग्रहाचा आकार, हवा, पाणी, लोकसंख्या, शासन, कायद्याचा कडकपणा आणि तंत्रज्ञान. समजा फाशांनी आपल्याला सी-५६२६७९-८ असा संकेत दिला. बंदर सी दर्जाचे, म्हणजे मध्यम. आकार ५ म्हणजे सुमारे ८,००० किलोमीटर व्यास. हवा ६ म्हणजे श्वास घेता येईल अशी, पृथ्वीसारखी. पाणी २ म्हणजे पृष्ठभागाच्या साधारण वीस टक्के. लोकसंख्येचा अंक हा दहाचा घात असतो, त्यामुळे ६ म्हणजे दहा लाख किंवा त्याहून काही पट अधिक. शासन ७ म्हणजे एकाच ग्रहावर अनेक राज्ये. कायदा ९ म्हणजे शस्त्र घेऊन रस्त्यावर फिरण्याची सोय नाही. तंत्रज्ञान ८ म्हणजे आपल्या काळाच्या आसपासचे.

बरेच सूत्रधार इथे थांबतात आणि हा संकेत खेळाडूंना वाचून दाखवतात, आणि तिथेच खेळ कंटाळवाणा होतो. संकेत हा प्रश्नांचा संच म्हणून वापरावा, आणि त्यातल्या दोन अंकांचे एकमेकांशी पटत नसेल तिथे थांबून विचार करावा, कारण कथानक नेमके तिथे दडलेले असते.

हवा कुठून आली

वरच्याच उदाहरणात असा एक बेबनाव आहे. ग्रहाचे गुरुत्वाकर्षण काढण्याचा सोपा मार्ग म्हणजे पृथ्वीच्या तुलनेतील त्रिज्या गुणिले पृथ्वीच्या तुलनेतील घनता. ८,००० किलोमीटर व्यासाच्या ग्रहाची त्रिज्या पृथ्वीच्या ०.६३ पट येते. घनता मंगळासारखी, म्हणजे ०.७१ पट धरली, तर गुरुत्वाकर्षण ०.४५ पट निघते. पृथ्वीवर साठ किलो भरणारे पात्र तिथे सत्तावीस किलो भरल्यासारखे वावरेल. पण अशा ग्रहावरून निसटण्यासाठी लागणारा वेग सेकंदाला जेमतेम सहा किलोमीटर असतो. पृथ्वीचा तोच आकडा ११.२ आहे, आणि पाचच्या आसपास असलेल्या मंगळाने आपली बरीचशी हवा कोट्यवधी वर्षांत गमावली आहे. मग या ग्रहावर पृथ्वीसारखी हवा टिकली कशी?

याची तीन उत्तरे शक्य आहेत आणि प्रत्येकातून वेगळे जग निघते. ग्रहाचा गाभा जड धातूंचा असेल, तर गुरुत्वाकर्षण वाढेल आणि त्याबरोबर खाणी येतील, खाणींचे मालक येतील. ग्रह फार थंड असेल, तरी हवा टिकते. शनीच्या टायटन या उपग्रहाचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सातव्या हिश्श्याएवढेच असूनही तिथला वायुदाब पृथ्वीच्या दीडपट आहे, कारण तापमान उणे १८० अंशांच्या आसपास असते. अशा जगात हवेपेक्षा ऊब महाग. तिसरे उत्तर असे की हवा आपोआप टिकत नाही, ती सतत तयार केली जाते.

मला तिसरे उत्तर सर्वांत जास्त आवडते, कारण ते थेट नगरपालिकेच्या खिडकीवर नेते. हवा तयार करणारे कारखाने असतील तर त्यांचा खर्च कोणीतरी भरत असणार, म्हणजे घरपट्टी आणि पाणीपट्टीच्या जोडीला हवापट्टी आली. खेळाडूंना जहाज दुरुस्तीचा परवाना हवा आहे, आणि खिडकीमागचा कारकून चष्मा वर सरकवून मागच्या वर्षीची हवापट्टीची पावती मागतो. ते तर कालच उतरले आहेत, त्यांच्याकडे पावती कुठली? मग तात्पुरता रहिवासी दाखला, त्यासाठी स्थानिक जामीनदार, आणि जामीनदार म्हणून पुढे येणारा जो माणूस आहे त्याचे स्वतःचे काहीतरी काम अडलेले आहे. एका बेबनावातून पहिल्या सेशनचे अर्धे कथानक उभे राहिले, आणि त्यासाठी साम्राज्याच्या इतिहासाची एक ओळही लिहावी लागली नाही.

ज्यांना गणित आणखी खोलवर न्यायचे आहे त्यांच्यासाठी ‘गर्प्स स्पेस’ या पुस्तकाची २००६ सालची आवृत्ती उत्तम आहे, ताऱ्यापासून ग्रहापर्यंतची सगळी गणिते तिच्यात क्रमाने मांडली आहेत. प्रत्यक्ष सापडलेल्या ग्रहांची माहिती हवी असल्यास नासाच्या संकेतस्थळावरील परग्रहांची सूची विनामूल्य पाहता येते, आणि तिच्यात पाच हजारांहून अधिक ग्रहांची नोंद आहे.

वर्षाची लांबी आणि दिनदर्शिका

ताऱ्याची निवड वरवर पाहता शोभेची वाटते, पण तिच्यावर दिनदर्शिका ठरते. पृथ्वीइतकी ऊब मिळण्यासाठी ग्रह किती अंतरावर हवा, हे ताऱ्याच्या तेजस्वितेचे वर्गमूळ काढून कळते. सूर्याच्या पाव पट तेजस्वी असलेला नारिंगी तारा घेतला, तर ते अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या निम्मे येते. अंतराचा घन करून त्याला ताऱ्याच्या वस्तुमानाने भागले आणि वर्गमूळ काढले की वर्षाची लांबी मिळते. वस्तुमान सूर्याच्या ०.७ पट धरल्यास ती पृथ्वीच्या सुमारे १५४ दिवसांइतकी भरते.

आता हा आकडा वाटेत आडवा घालावा. पृथ्वीच्या हिशेबाने अठरा वर्षांचा मुलगा तिथे बेचाळीस उलटून गेलेला असतो. कर्जाचे व्याज स्थानिक वर्षावर आहे की पृथ्वीच्या वर्षावर? पंचवीस वर्षांच्या भाडेपट्ट्यावर घेतलेली जमीन नेमकी केव्हा परत द्यायची? घरमालक आणि भाडेकरू यांची पंचांगे वेगवेगळी असतील तर कोर्टात वाद चालणारच, आणि त्या खटल्यातील कागदपत्रे पळवण्याचे काम खेळाडूंकडे येऊ शकते.

लाल बटू, म्हणजे लहान आणि मंद तारा निवडल्यास प्रकरण आणखी टोकाला जाते. २०१६ साली शोध लागलेला प्रॉक्सिमा सेंटॉरी बी हा ग्रह आपल्या ताऱ्याभोवती अवघ्या ११.२ दिवसांत फिरतो. इतक्या जवळच्या ग्रहाची एकच बाजू कायम ताऱ्याकडे राहण्याची शक्यता मोठी असते. अशा जगात सूर्य उगवत नाही आणि मावळतही नाही. वस्ती संधिप्रकाशाच्या पट्ट्यात होते आणि जमिनीची किंमत त्या पट्ट्यापासूनच्या अंतरावर ठरते.

पाणी आधी, राज्ये नंतर

ग्रहाचा नकाशा काढताना पुष्कळजण आधी राज्यांच्या सीमा काढतात आणि मग जागा उरेल तशा नद्या सोडतात. क्रम उलटा हवा. आधी डोंगराचा कणा काढावा, मग वारा कोणत्या बाजूने येतो ते ठरवावे, मग पाण्याचे दुभाजक (पाणी दोन बाजूंना वाटणारे उंचवटे) आणि नद्या, आणि सर्वांत शेवटी सीमा. असे केले की सीमा नद्यांना चुकीच्या जागी छेदतात, आणि खेळाला तेच हवे असते.

याचा नमुना पाहण्यासाठी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याचा नकाशा समोर ठेवावा. कणकुंबीजवळ मलप्रभा उगम पावते, पूर्वेकडे वाहत जाऊन कूडलसंगमाला कृष्णेला मिळते आणि शेवटी तिचे पाणी बंगालच्या उपसागरात जाते. त्याच तालुक्यात देगावजवळ म्हादई उगम पावते, पण ती पश्चिमेला वळून गोव्यात उतरते आणि मांडवी होऊन अरबी समुद्राला मिळते. दोन्ही नद्या एकाच डोंगराळ टापूतल्या, एकाच पावसावर पोसलेल्या. म्हादईच्या खोऱ्यातले पाणी मलप्रभेकडे वळवावे की नाही, यावर कर्नाटक आणि गोवा यांच्यात वर्षानुवर्षे वाद आहे. त्यासाठी २०१० साली लवाद नेमला गेला आणि त्याने २०१८ साली निवाडा दिला, तरी वाद मिटलेला नाही. शिवाय कणकुंबीला धो धो पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातले सौंदत्ती, रामदुर्ग पावसाची वाट पाहत असतात. अख्ख्या ग्रहाला एकच हवामान देऊन ‘हा वाळवंटी ग्रह’, ‘हा बर्फाचा ग्रह’ असे शिक्के मारणाऱ्यांनी एकदा या एका जिल्ह्यातून पश्चिमेकडून पूर्वेकडे बसने प्रवास करावा.

आपल्या उदाहरणातल्या ग्रहावर वीस टक्केच पाणी आहे. तेव्हा एका दुभाजकाच्या दोन्ही बाजूंना दोन राज्ये ठेवावीत, उगम एकाकडे आणि शेती दुसऱ्याकडे द्यावी. मग बांधाजवळची एक खोली तपशिलात रंगवावी: भिंतीवर पाण्याची पातळी दाखवणारी पट्टी, पट्टीवर दोन वेगवेगळ्या मापांचे आकडे, दार उघडण्याच्या चाकाला दोन कुलपे आणि दोन्ही किल्ल्या दोन वेगळ्या खात्यांच्या माणसांकडे. खेळाडूंना ती खोली दाखवली की धोरणावर भाषण करावे लागत नाही.

सीमा टेबलावर कशी आणावी

शासनाचा अंक ७ आल्यावर सीमा येणारच. आपल्याकडे महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादातला १ नोव्हेंबर १९५६ पासूनची राज्य पुनर्रचना, १९६६ साली नेमलेला आणि पुढच्या वर्षी अहवाल देणारा महाजन आयोग, आणि २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा हा क्रम बहुतेकांना पाठ असतो. तो जसाच्या तसा उचलून ग्रहाला चिकटवू नये. एक तर टेबलावर कन्नड घरातले मित्रही बसलेले असतात आणि त्यांच्याकडून खलनायकाची भूमिका वदवून घेणे हा खेळ नव्हे. दुसरे असे की घटनाक्रम नाट्यमय नसतो, त्याचे रोजचे परिणाम नाट्यमय असतात. तेव्हा वाद कोणाचा खरा हे सूत्रधाराने ठरवूच नये. फक्त चार गोष्टी लिहून काढाव्यात. शिधापत्रिका कोण देते, न्यायालयाचे कामकाज कोणत्या भाषेत चालते, मुलाला कोणत्या माध्यमात घातले तर कोणती नोकरी मिळते, आणि तणाव वाढला की सर्वांत आधी काय बंद पडते. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे बस असे आहे. ग्रहावर ती शटल असू शकेल.

पाट्यांकडे विशेष लक्ष द्यावे. बंदराच्या फलाटावर दोन लिप्यांतली पाटी आहे, वरची अक्षरे मोठी, खालची लहान; खालच्या ओळीला कोणीतरी काळे फासले आहे आणि त्याच्यावर पुन्हा पांढऱ्या रंगाने तीच अक्षरे घाईने, वेडीवाकडी काढली आहेत. एवढे वर्णन केले की खेळाडू स्वतःच विचारतात की रंग कोणी लावला.

ठिकाणांची नावेही अशीच वापरातून यावीत. बेळगावच्या टिळकवाडीत पहिले, दुसरे आणि तिसरे रेल्वे गेट ही नावे पत्ता म्हणून चालतात. अंतराळस्थानकावरही लोक संस्थापकाच्या नावाच्या चौकापेक्षा ‘दुसऱ्या एअरलॉकजवळ’ असाच पत्ता सांगतील. कानाला अनोळखी वाटावीत म्हणून एक्स आणि झेड कोंबलेली नावे टाळलेली बरी. सेशन संपेपर्यंत ती कोणाच्याही लक्षात राहत नाहीत.

अंतर, व्यापार आणि दुरुस्ती

प्रवासाला किती वेळ लागतो यावर राजकारण ठरते, म्हणून हा नियम आधीच ठरवून बदलू नये. ‘ट्रॅव्हलर’मध्ये एका ताऱ्यापासून दुसऱ्यापर्यंतची एक उडी साधारण आठवड्याची असते आणि बातमी जहाजापेक्षा वेगाने जात नाही, त्यामुळे राजधानीचा हुकूम यायला महिने लागतात आणि स्थानिक अधिकारी आपापल्या डोक्याने वागतात. एकाच सूर्यमालेत खेळायचे असेल तर दोन आकडे पुरतात. पृथ्वी आणि मंगळ यांच्यात संदेश जायला सुमारे ३ ते २२ मिनिटे लागतात, म्हणजे फोनवर भांडण करता येत नाही. आणि जहाज अर्धा रस्ता पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाइतक्या त्वरणाने वेग घेत आणि उरलेला अर्धा वेग कमी करत गेले, तर पृथ्वी-सूर्य अंतराइतका पल्ला तीन दिवसांच्या आत कापते.

व्यापारासाठी एका जगाला एकच मोठे पीक किंवा माल द्यावा आणि तो बाहेर जाण्याची वाट अरुंद ठेवावी. १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली निपाणीच्या तंबाखू उत्पादकांनी भावासाठी आंदोलन केले तेव्हा ते पुणे-बंगळूर महामार्गावरच ठाण मांडून बसले. शेतात बसून कोणाचे काही अडले नसते. आपल्या ग्रहावरचा महामार्ग कोणता, हे ठरवले की संप, तस्करी आणि वाटाघाटी आपोआप सुचतात.

तंत्रज्ञानाचा अंक ‘काय उपलब्ध आहे’ असा न वाचता ‘काय दुरुस्त करता येते’ असा वाचावा. बेळगावच्या उद्यमबागेसारखी औद्योगिक वसाहत असलेले जग लोखंड ओतू शकते, हायड्रॉलिक सिलिंडर बनवू शकते, तुटलेला दांडा लेथवर चढवून संध्याकाळपर्यंत देऊ शकते. पण जहाजाच्या संगणकातली चिप जळली तर ती तीन पार्सेकवरूनच मागवावी लागेल. खेळाडूंचे जहाज कधी ना कधी बिघडतेच, त्यामुळे हा फरक पहिल्याच महिन्यात उपयोगी पडतो.

गट आणि दोन सेशनांमधले काम

केव्हिन क्रॉफर्ड यांच्या ‘स्टार्स विदाउट नंबर’ या खेळाची विनामूल्य आवृत्ती उतरवून घ्यावी, दुसरा कोणताही खेळ खेळत असलात तरीही. तिच्यात प्रत्येक जगाला दोन वैशिष्ट्ये दिली जातात, आणि प्रत्येक वैशिष्ट्याखाली शत्रू, मित्र, गुंतागुंत, वस्तू आणि ठिकाणे यांच्या याद्या असतात. दोन वैशिष्ट्ये एकमेकांशी जुळवताना जे घर्षण होते त्यातून जगाचा स्वभाव ठरतो. दुसरी कामाची गोष्ट म्हणजे गटांची पाळी: सेशन संपले की प्रत्येक गट आपल्या ताकदीप्रमाणे एखादी चाल करतो, आणि खेळाडूंना पुढच्या वेळी तिचा परिणाम दिसतो. तीनच गट ठेवावेत. आपल्या ग्रहावर हवेचे कारखाने चालवणारे मंडळ, उगमाकडचे राज्य आणि खालच्या अंगाची शेतकरी संघटना एवढे पुरे आहेत.

पहिल्या बैठकीत फासे न टाकता प्रत्येक खेळाडूला एक ठिकाण, एक नातेवाईक आणि एक थकलेले देणे अशा तीन गोष्टी सांगायला लावाव्यात. त्यांनी सांगितलेले ठिकाण सूत्रधाराच्या कल्पनेपेक्षा साधे असले तरी तेच नकाशावर घालावे, कारण तिथे ते परत जातात.

नोंदी ठेवताना एका जगाला वहीचे एकच पान द्यावे. वरच्या कोपऱ्यात आठ खुणांचा संकेत, त्याखाली गुरुत्वाकर्षण, वर्ष आणि दिवस, मग बेबनाव आणि त्याचे उत्तर, दोन पाट्यांचा मजकूर, चार वस्तूंचे भाव आणि तीन माणसे. माणसांच्या नावापुढे ते कोणाला ‘अहो’ म्हणतात आणि कोणाला ‘अरे’, एवढे लिहिले तरी त्यांचे बोलणे लगेच सुचते. पानाचा खालचा तिसरा हिस्सा कोरा ठेवावा आणि खेळताना तोंडातून जे नवे निघेल ते पेन्सिलीने तिथे लिहावे. सेशन संपल्यावर ते आधीच्या आकड्यांशी ताडून पाहावे, आणि जुळत नसेल तर पुढच्या वेळी कोणत्या पात्राला त्याचे कारण माहीत आहे ते समासात नोंदवावे.